लीबेसलाइड की लीबेसफ्रॉइड: पियानोवर आधी कुठलं घ्यावं?

लीबेसलाइड (‘प्रेमाचं दुःख’, पुढे नुसतं लाइड) आणि लीबेसफ्रॉइड (‘प्रेमाचा आनंद’, पुढे फ्रॉइड) या दोन्ही मुळात व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लरच्या व्हायोलिनसाठीच्या रचना, १९०५ ला छापलेल्या, जुन्या व्हिएन्नाच्या तीन मात्रांच्या नाचाच्या ढंगातल्या, आणि पठ्ठ्याने आधी त्या योझेफ लानर या जुन्या व्हिएनीज संगीतकाराच्या नावावर खपवल्या होत्या. रशियन पियानोवादक-संगीतकार रखमानिनोव्हने लाइड १९२१ मध्ये पियानोवर आणली, फ्रॉइड १९२५ मध्ये. व्हायोलिनवर दोन्ही तीन-सव्वातीन मिनिटांत संपतात, पियानोवर मात्र लाइड साडेचारच्या आसपास जाते आणि फ्रॉइड सहा-सात मिनिटं, आणि खरा फरक इथेच आहे.

लाइडमध्ये रखमानिनोव्हने चाल फारशी मोडली नाहीये, ती मधल्या सुरांत सरकते, वर-खाली नक्षीकाम चालू राहतं, आणि आपलं काम एवढंच की चाल ऐकू आली पाहिजे आणि बाकीचं दबलं पाहिजे. बोलायला सोपं आहे!! व्हायोलिनवाला एकच सूर ताणून धरतो, पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो, म्हणून मधे भरणा लागतो, आणि तोच भरणा जड झाला की नाच मरतो. मी दोन महिने नुसता डावा हात आणि पेडल करत होतो, पहिला ठोका हलका टाकायला शिकेपर्यंत लय येतच नव्हती.

फ्रॉइड म्हणजे दुसराच प्रकार. आधी त्याने स्वतःची प्रस्तावना घातलीय, मग कॉर्डांचा (एकदम वाजणाऱ्या अनेक सुरांचा) पाऊस, उड्या, शेवटाकडे तर मूळ नाच कुठे गेला असं वाटतं. त्याचा पंजा अवाढव्य होता हे लक्षात ठेवा, आपल्याला बऱ्याच कॉर्ड मोडून वाजवाव्या लागतात. ऐकायला धमाल आहे, पण अर्धवट तयारीत वाजवली तर नुसता गोंगाट. कार्यक्रमाच्या शेवटी टाळ्या हव्या असतील आणि सहा महिने हातात असतील तर घ्या, नाहीतर सरळ लाइड.

दोन्ही जड वाटल्या तर रखमानिनोव्हनेच पियानोवर आणलेली बाखच्या ई मेजर पार्टिटातली (नाचांच्या मालिकेतली) गाव्होट, हाही एक जुना नाचच, बघा, मूळ एकट्या व्हायोलिनसाठी, कॉर्डांची गर्दी कमी, पण बोटं स्वच्छ लागतात.

नोटेशनसाठी खर्च नको. क्रायस्लर १९६२ ला गेला, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे इथे तो संपलाय. आणि पुस्तक उघडायच्या आधी रखमानिनोव्हचं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका, दोन्हीचं आहे, मग मूळ क्रायस्लरचं व्हायोलिन. मी उलट्या क्रमाने ऐकलं आणि पियानोवाली लाइड आठवडाभर उगाच भरजरी वाटत राहिली.