भाडेकरूशी थेट बोलू नका, असं एजंट म्हणाला की सावध व्हा!

घोडबंदर रोडवरच्या माझ्या वन बीएचकेत राहणारा माणूस साडेसहा लाख मिळाल्याशिवाय निघणार नाही म्हणतो. मी त्याच्याकडून एक रुपया घेतलेला नाही. हेवी डिपॉझिटचा प्रकार: भाडेकरू सुरुवातीला मोठी रक्कम एकदम देतो, महिन्याचं भाडं नाही, निघताना रक्कम परत.

मी नाशिकला. आईचं डायलिसिस, ठाण्याच्या फेऱ्या जमेनात, म्हणून फ्लॅट एजंटच्या हवाली केला. त्याने मला ५०,००० डिपॉझिट दिलं आणि महिना १८,०००, सात महिने, पाच तारखेला न चुकता. "सर, भाडेकरूला नंबर देऊ नका, नळ गळला तरी रात्री फोन करतील." तिकडे भाडेकरूला सांगितलं, मालक तापट आहेत, बोलायचं ते माझ्याशी. त्याच्याकडून घेतले ६,५०,०००, भाडं शून्य. मला पोचले १,७६,०००. उरलेल्या ४,७४,००० सकट एजंट गायब. भाडं भाडेकरूच्या खात्यातूनच आलं पाहिजे, एजंटच्या नाही!

मार्चमध्ये सोसायटीच्या सभेला गेलो होतो. लिफ्टपाशी भाडेकरूची बायको भेटली. "काका, अकरा महिने झाले की आमची रक्कम एकदम मिळेल ना? गावची जमीन विकून आणलीय." जमीन विकून! पन्नास हजारांसाठी कोण जमीन विकतं? तिथेच थांबून "किती रक्कम?" एवढे दोन शब्द विचारायचे होते. मी "हो हो, मिळेल" म्हणालो आणि लिफ्टमध्ये शिरलो. बस गाठायची होती, डोक्यात आई होती. आता तिचा नवरा तेच "हो" माझ्या तोंडावर मारतो.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे, वकील गाठा. दुसऱ्यांदा गेलो तर एजंटचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही. अहो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते! कागद दाखवला, तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा चार तास बाकावर. सोसायटी हात वर करते, एनओसी एजंटने नेली म्हणे. नोंदणी कार्यालयात कळलं, मला पाठवलेली कराराची पीडीएफ बनावट आहे, असा दस्तच नाही. नोंदणीसाठी माझा अंगठा कुणी घेतलाच नव्हता, तेव्हाच विचारायला हवं होतं. तुमचा करार नोंदणी विभागाच्या साइटवर आज शोधा. कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि करार नोंदलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं खरं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंडाची तरतूद, तीही मालकाला. लुटलं त्याने आणि कायद्याच्या कचाट्यात मी!

सोमवारी मी आणि भाडेकरू दोघे मिळून पोलीस आयुक्तालयात जाणार आहोत. घर एजंटवर सोपवलेल्यांनी आजच भाडेकरूला स्वतः फोन लावा आणि डिपॉझिटचा आकडा त्याच्या तोंडून ऐका.