कडू औषधाचं ड्राय सस्पेन्शन: कोटिंग की रेझिन?

ड्राय सस्पेन्शन म्हणजे वापरण्याआधी पाणी घालून हलवायची बाटलीतली औषधी पावडर. औषध थोडंसंच कडू असेल तर सुक्रालोजसारखा गोडवा आणि चांगला फ्लेवर यावर भागतं. अतिकडू औषधाला ते पुरत नाही. गोडी आधी येऊन विरते, कडवटपणा घशाशी रेंगाळतो. मग औषध लाळेत सुटूच द्यायचं नाही, एवढंच हाती उरतं. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे औषधाला आपल्या पोकळीत झाकून घेणारा कड्यासारखा रेणू, अगदी लहान डोसला चालतं. त्याचा रेणुभार ११३५, म्हणजे ३०० रेणुभाराच्या औषधाला एकास एक रेणू धरला तरी त्याचं वजन औषधाच्या जवळजवळ चौपट. खरी निवड कोटिंग (औषधाच्या कणांवर पॉलिमरचा पातळ थर) आणि रेझिन (औषधाला आयन म्हणून धरून ठेवणारे न विरघळणारे कण) यांच्यातच असते.

कोटिंगसाठी सहसा अमिनो मेथाक्रिलेट हा पॉलिमर वापरतात. ते पीएच ५ च्या खाली विरघळतं, म्हणजे तोंडात टिकतं आणि पोटात सुटतं. औषधाचा रेणू कसाही असो, डोस मोठा असो, चालतं. पॅरासिटामॉलसारख्या औषधावर रेझिन जवळपास निरुपयोगी, तिथे कोटिंगच. अडचण कणांच्या आकाराची: मोठे कण जिभेला रवाळ लागतात आणि बारीक कणांचं पृष्ठफळ जास्त असल्याने पॉलिमरही जास्त लागतं, शिवाय ते एकमेकांना चिकटतात.

माझं मन कोटिंगवरून उडालं ते मात्र बाटलीमुळे. पाणी घातल्या दिवशी चव उत्तम असते. पण फिल्म, म्हणजे कोटिंगचा थर, न विरघळताही फुगते आणि तिच्यातून औषध झिरपत राहतं. अतिकडू औषध एखादा टक्का सुटलं तरी जिभेला पुरतं. म्हणजे कोर्सच्या शेवटी, मूल आधीच कंटाळलेलं असताना, बाटली सर्वात कडू. फिल्म जाड केली की झिरपणं लांबतं, थांबत नाही. आणि पोटातलं सुटणंही मंदावतं.

रेझिनमध्ये औषध आयन म्हणून धरलेलं असतं. समोर दुसरा आयन आला तरच ते जागा सोडतं, म्हणून साध्या पाण्यात मुक्त औषध एका पातळीवर येऊन थांबतं. आम्लारिधर्मी (बेसिक) औषधाला कार्बोक्सिलिक रेझिन घ्या: औषध हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात असेल तर रेझिनचं पोटॅशियम रूप, मुक्त बेस (क्षार न केलेलं) असेल तर हायड्रोजन रूप. वजनाने एक भाग औषधास दोन भाग रेझिन, इथून सुरुवात करा. डीआयनाइज्ड (आयन काढलेल्या) पाण्यात ढवळत राहा, दर अर्ध्या तासाने गाळून द्रवातलं औषध मोजा. आकडा स्थिरावला की थांबा. मग नीट धुवा, कारण पृष्ठभागावर राहिलेलं औषध पहिल्याच घोटाला कळतं.

रेझिनची बाटली बिघडते ती बहुधा इतर घटकांमुळे. सोडियम सायट्रेट, सोडियम बेंझोएट, सोडियम सॅकरिन यांतला सोडियम औषधाला हुसकावतो. दाटपणासाठी घालतात तो झँथन गमही आयनिक आहे. त्याऐवजी दाटपणासाठी एचपीएमसी (आयन नसलेला सेल्युलोजचा प्रकार), गोडीसाठी सुक्रालोज आणि टिकण्यासाठी साधे पॅराबेन घ्या, सोडियम पॅराबेन नको.

५०० मिग्रॅचा डोस ५ मिलीत बसवायचा असेल तर रेझिन फुगून लापशी होते, तिथे कोटिंगला पर्याय दिसत नाही. पण औषध बेसिक आणि डोस शंभरेक मिग्रॅच्या आत असेल, तर मी आधी रेझिनच करून पाहीन. शक्य असेल तर दोन्ही नमुने पाणी घालून ठेवा आणि वापराच्या शेवटच्या दिवशी वरचा द्रव गाळून त्यातलं मुक्त औषध मोजा.