भाषण की वजनकाटा?

शीतपेयं कमी प्या, हे वस्तीत सांगायचे दोन मार्ग. एक, सभागृहात तासभर भाषण आणि भिंतीवर फलक. एका वेळी शंभर माणसं ऐकतात, खर्चही कमी. पण ऐकलेलं दारापर्यंतच टिकतं.

दुसरा, बचत गटाच्या बैठकीत काटा घेऊन बसायचं. कोल्याच्या बाटलीवर 100 मिलीला किती साखर हे छापलेलं असतं, बहुतेकदा 10-11 ग्रॅम. 250 मिलीचा हिशेब बायकांनीच करायचा आणि तेवढी साखर, म्हणजे पाचेक चमचे, वाटीत ओतायची. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचवलेली दिवसाची आदर्श मर्यादाच साधारण 25 ग्रॅम आहे. वाटी हातोहात फिरली की बैठक गप्प होते.

गट लहान, वेळ जास्त जातो, हे खरं. तरी मी काट्याच्याच बाजूने, कारण इथे प्रश्न येतात. ‘मग उसाचा रस?’ कोल्हापुरात हा प्रश्न टाळून चालत नाही. कित्येकांचं घर उसावरच चालतं. पण रसातली साखरही त्याच हिशेबात धरतात, तेव्हा तो रोज नको. तहानेला पाणी, नाहीतर घरचं ताक.

फलक लावायचाच तर सभागृहात नको, शाळेसमोरच्या टपरीजवळ लावा.