सात महिने वापरलेली पॅकेज-यादीची स्क्रिप्ट

उबंटूवर (हे एक लिनक्स) काय काय पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, इन्स्टॉल आहे त्याची यादी काढणारी एक छोटीशी शेल स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल) मार्चपासून वापरतोय. दर रविवारी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालते आणि तारखेच्या नावाने टेक्स्ट फाइल टाकते, बास.

आधी सरळ डीपीकेजी डॅश एल (पॅकेजेसची यादी देणारी कमांड) वर ग्रेप (हव्या त्या ओळी गाळून घेणारी कमांड) मारला होता आणि तिथेच फसलो, कारण त्यात 'आयआय'वाल्या, म्हणजे इन्स्टॉल असलेल्या, ओळींसोबत 'आरसी'वाल्यापण येतात, म्हणजे पॅकेज कधीच काढलंय पण कॉन्फिग फाइली मागे राहिल्यात, आणि माझ्याकडे जुन्या कर्नलचीच अशी भुतं ढिगाने निघाली. एपीटी (पॅकेज उतरवून बसवणारी कमांड) लिस्ट लावलं तर तेच वॉर्निंग देतं की स्क्रिप्टमध्ये मला जपून वापरा. शेवटी डीपीकेजी-क्वेरीवर स्थिरावलो, नाव, व्हर्जन, साइज, हवं ते हव्या क्रमाने मिळतं. (फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांचं आरपीएम डॅश क्यूएवर भागतं, सुखी लोक.)

पण खरं सांगू, दोन हजार ओळींची यादी कोण वाचतंय? त्यातल्या बहुतेक लिब-अमुक लिब-तमुक लायब्ररी, दुसऱ्या कुणाचातरी हात धरून आलेल्या. कामाला आली ती नंतर जोडलेली एक ओळ, एपीटी-मार्क शोमॅन्युअल. आपण स्वतः मागवलेलं तेवढंच दाखवतं, इन्स्टॉलरने टाकलेलंही थोडं घुसतं म्हणा, पण चालतं.

ऑगस्टमध्ये एसएसडी गेली तेव्हा ही फाइल पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचलो. नव्या डिस्कवर अख्खी यादी एक्सआर्ग्जने (यादीतली नावं दुसऱ्या कमांडला पुरवणारी कमांड) एपीटी इन्स्टॉलला दिली आणि काहीच बसेना, का तर एक पॅकेज पीपीएचं (वेगळं जोडावं लागणारं बाहेरचं पॅकेज-भांडार) होतं, तो पीपीए अजून जोडलेला नव्हता, आणि एक नाव सापडलं नाही की एपीटी सगळ्यांनाच नकार देतं. अर्धा तास त्यात गेला. वर स्नॅप आणि फ्लॅटपॅकची (अॅप्स बसवण्याच्या वेगळ्या पद्धती) अॅप्स यादीत नव्हतीच, ती डीपीकेजीला माहीतच नसतात, त्यांच्या याद्या आता वेगळ्या काढतो.

आणि हो, दोन मशीनच्या याद्या कॉमने (दोन सॉर्टेड फाइली ताडून बघणारी कमांड) जुळवायच्या असतील तर सॉर्टच्या आणि कॉमच्याही आधी LC_ALL=C लिहाच. घरच्या लॅपटॉपचं आणि ऑफिसच्या सर्व्हरचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग, सॉर्टचा क्रम हीच ठरवते) वेगळं, त्यामुळे डॅशवाली नावं दोन्हीकडे वेगळ्या जागी जात होती आणि कॉम ओरडत होतं की फाइल सॉर्टेड नाही, मी आपला स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसलेलो.

पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारी कमांड) टाकलेलं अजून यात येत नाही. कंटाळा, दुसरं काय.