वर्डप्रेस की ह्यूगो? प्रोग्रामरने आपली साइट कशावर मांडावी

दिवसभर कंपनीचा कोड लिहिणाऱ्याला कधीतरी वाटतंच, आपलं म्हणून एक पान असावं. ‘मी बॅकएंडवाला, इथे अधूनमधून लिहीन’, एवढंच टाकायचं असतं. पण कशावर टाकायचं या घोळात माझे दोन महिने गेले. शेवटी वर्डप्रेस आणि ह्यूगो, साइट बनवायची ही दोन्ही सॉफ्टवेअर वापरून झाली.

वर्डप्रेस २००३ पासून आहे. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालतं, म्हणजे होस्टिंग विकत घ्या, दरवर्षी त्याचे पैसे भरा, प्लगिन (वरून जोडलेल्या जादा सोयी) अपडेट करत राहा. थोडे दिवस लॉगिन केलं नाही की अपडेटचा आकडा वाट बघत बसलेला. ह्यूगो २०१३चं, गो भाषेतलं. मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुराच्या, फाइली द्या, ते तयार एचटीएमएल पानं बांधून देतं. डेटाबेसच नाही. गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवता येतं. तिथे साइटला १ जीबीची मर्यादा आहे, पण नुसत्या मजकुराला ती जन्मभर पुरेल.

मराठीत लिहिणार असाल तर एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा वेबवरचा पत्ता बनवतं आणि त्याला २०० वर्णांची जागा देतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, तिथे नऊ वर्ण खातं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. माझ्या पहिल्या लेखाचं शीर्षक होतं ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून माझी ओळख’. पत्ता झाला ‘सॉफ्टवेअर-डेव्हलपर-म्हणू’. बरं, म्हणू! तोच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ. उपाय सोपा आहे: प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने रोमन लिपीत लिहायचा. ह्यूगोत फाइलचं नाव आपणच देतो, त्यामुळे हे आपोआप होतं.

ह्यूगोने मात्र वेगळ्या जागी रडवलं. सकाळी दहाला लेख चढवला, बिल्ड हिरवं, म्हणजे पानं बांधताना काही चुकलं नव्हतं, तरी पान गायब. तारखेसोबत टाइमझोन दिला नव्हता. ह्यूगोने ती वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची धरली, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन, आणि भविष्यातला लेख म्हणून गुपचूप वगळला. कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगच्या फाइलीत) एशिया/कोलकाता लिहिल्यावर प्रश्न मिटला.

लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर लिहिणारे असाल तर वर्डप्रेसच घ्या. त्याचं अ‍ॅप आहे, फोटो टाकणं सोपं आहे. ह्यूगोसाठी फोनवरून गिट कमिट करणं, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवणं, म्हणजे द्राविडी प्राणायाम. पण तुमचं लिखाण मुळात लॅपटॉपवर, एडिटरमध्येच होत असेल आणि लेखात कोडचे तुकडे असतील, तर माझं मत ह्यूगोला. सगळं लिखाण साध्या फाइलींत राहतं, उद्या दुसरीकडे हलवायला त्रास नाही.

फक्त थीम, म्हणजे साइटचं रूप, तयार उचला. मी स्वतःची लिहायला बसलो, तीन आठवडे मेनूचा रंग बदलत होतो आणि साइटवर लेख एकच, तोही स्वतःची ओळख करून देणारा. पाच लेख होईपर्यंत सीएसएसच्या (रंगरूप ठरवणाऱ्या) फाइलीला हात लावू नका.