पांढरा गमबूट, नंबर पाच : गाळात वापरून लिहिलंय

पुरात उतरायला म्हणून गमबूट घेत असाल तर घेऊ नका. दर जूनमध्ये आमच्या पूर-वादळात मदत करणाऱ्या गटात नवीन आलेली पोरं हौसेने तेच घेऊन येतात, म्हणून आधीच सांगते. पाणी गुडघ्यावर गेलं की बूट आतून भरतो, पाय जड होतो आणि ओढीच्या पाण्यात भरलेला बूट काढताही येत नाही. तिथे लाइफ जॅकेट, दोर आणि नाडीचे घट्ट बूट.

गमबूट लागतो तो पाणी ओसरल्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. ज्यांनी ते टीव्हीवर बघितलं त्यांना पाण्यात बुडालेलं एसटी स्टँड आठवतं. आम्हाला आठवतो नंतरचा गाळ. शटर उघडलं की आत चिखल, त्यात फुटलेल्या बरण्या, पत्र्याचे तुकडे, खिळ्यांसकट फळ्या, फुगून फाटलेली तांदळाची पोती. वास तर विचारू नका. त्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोला, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाला, तेवढी वाट पुरते. आरोग्य खात्याची माणसं त्यावर डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या देतात त्या सांगितल्याप्रमाणे घ्यायच्याच. बूट आहेत म्हणून गोळी टाळायची नाही आणि गोळी घेतली म्हणून स्लिपरवर उतरायचं नाही.

माझी अडचण होती मापाची. माझा पाय चार नंबरचा आणि हार्डवेअरच्या दुकानात काळे गमबूट सहापासून सुरू. सैल बूट गाळात काय करतो? पाय वर येतो, बूट खालीच राहतो. मग हातात भरलेलं घमेलं घेऊन बाई एका पायावर उभी, आणि मागची काकू ओरडतेय, "अगो, पुढे सरक!" घराघरातला गाळ काढायला बायकाच जास्त असतात, पण बूट बनवणाऱ्याला ते अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

शेवटी रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळ, मच्छीच्या कामाचं सामान ठेवणाऱ्या दुकानात पाच नंबर मिळाला. पांढरा. कोळंबीच्या कारखान्यात बायका घालतात तोच. दुकानदार म्हणाला, "ताई, बायकांच्या मापात पांढराच येतो. काळा मागायला कोण येत नाय."

जाड मोज्यावर तो नीट बसतो. तळव्याची पकड फारच चांगली. मासळीच्या ओल्या, बुळबुळीत लादीसाठीच बनवलाय, त्यामुळे तेलकट गाळातही घसरत नाही. पांढरा असल्याचा एक फायदा नंतर कळला. धुतल्यावर गाळ कुठे राहिलाय ते लगेच दिसतं. काळ्यात तो वाळून टाचेच्या खाचेत बसतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच ओटीवर पडतो.

दोष एकच, पण मोठा. तळव्यात पोलादी पत्रा नाही, खिळा सरळ आत येतो. म्हणून पाय टाकण्याआधी फावड्याने चाचपायचं आणि फळ्या उलटून बाजूला करायच्या. पत्रा असलेले बूट मिळतात, पण ते वजनदार आणि पुन्हा पुरुषी मापाचे. पाय रुतलाच तर सरळ वर ओढू नका. टाच डावी-उजवीकडे हलवा, कडेने हवा शिरली की बूट आपसूक सुटतो.

छपरावर मात्र हा बूट अजिबात नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कौलं चढवायला गेलेले आमच्यातले जुने लोक अनवाणीच चढायचे. कौल पायाला कळावं लागतं, जाड रबरातून ते कळत नाही.

पावसात हे बूट लवकर वाळत नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, चुलीजवळ ठेवलेत तर तडकतील. आणि सकाळी घालताना आधी उलटे करून आपटा. विंचू तर सोडाच, आपल्याकडे फुरशालाही अशी अंधारी जागा आवडते.

पाचपैकी चार तारे. चिपळूण-खेडच्या बाजूला कुणाला चार नंबरचा, पत्रा असलेला जोड दिसला तर दुकानाचं नाव खाली लिहा. आमच्या गटातल्या बायकांना पावसाळ्याआधी घ्यायचेत.