साखरेचे थेंब, कांगारू की दोन तळहात?

कमी दिवसांच्या बाळाच्या टाचेतून रक्त घेताना औषधाविना वेदना कमी करण्याचे तीन मार्ग आपल्या एनआयसीयूंमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत) खरोखर वापरले जातात: जिभेवर साखरेचे पाणी, आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने धरणे, आणि हातपाय दुमडून बाळाला दोन तळहातांत सामावून घेणे. आपल्या विभागात यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावा हे ठरवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. चोखणी आणि दुपट्यात गुंडाळणे ही जोडीची साधने आहेत. केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवू नये, असे मला वाटते.

पुराव्याच्या बाबतीत साखरेचा हात कोणी धरू शकत नाही. 24 टक्के सुक्रोजवर सर्वाधिक अभ्यास झाले आहेत आणि ते हाताशी नसेल तर 25 टक्के डेक्स्ट्रोजची कुपी प्रत्येक वॉर्डात असतेच. मात्रा अगदी थेंबांची आणि खर्च नगण्य. टोचण्याआधी दोन मिनिटे थांबायचे असते, आणि रात्रपाळीत ते पाळले जातेच असे नाही. पण शिस्तीने ते सुधारता येते.

माझी अडचण वेगळी आहे. साखर दिल्यावर बाळाचा चेहरा शांत होतो आणि तो शांत दिसला की टोचणारा निर्धास्त होतो. रक्त थांबले की टाच पिळली जाते, ते पुन्हा थांबले की आणखी जोरात. वास्तविक अनेकदा सुईपेक्षा हे पिळणेच बाळाला अधिक त्रास देते. 2010 मध्ये लंडनमध्ये पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांवर झालेल्या एका अभ्यासात सुक्रोजने वेदनेचे गुण कमी झाले, परंतु मेंदूतील वेदनेची विद्युत नोंद मात्र कमी झालेली आढळली नाही. त्या निष्कर्षावर मतभेद आहेत आणि एका अभ्यासावरून साखर मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. तरीही आमच्या वॉर्डात चेहरा स्वस्थ असताना बाळाच्या पायाची बोटे ताठ पसरलेली मी इतक्या वेळा पाहिली आहेत, की केवळ भुवयांवर विश्वास ठेवणे मला जड जाते.

कांगारू पद्धत तत्त्वतः सर्वांत उत्तम. कॅनडातील अभ्यासांत आधी 32 ते 36 आणि नंतर 28 ते 31 आठवड्यांना जन्मलेल्या बाळांमध्येही तिचा फायदा दिसला. मात्र आई वरच्या मजल्यावर, टाके ताजे, आणि सकाळचे नमुने प्रयोगशाळेत वेळेत पोहोचवायचे, अशा स्थितीत ती दर वेळी जमत नाही. आई आधीच बाळाला घेऊन बसलेली असेल, तर मात्र नमुना तिथेच घ्यावा. त्यासाठी बाळाला तिच्यापासून उचलू नये.

राहिले तळहात. एक हात डोक्यावर, दुसऱ्याने दोन्ही पाय पोटाशी, टोचायची टाच तेवढी मोकळी. हे इनक्यूबेटरच्या खिडकीतून, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) चालू असतानाही करता येते. एक माणूस अधिक लागतो, ही उणीव खरी, आणि संख्याशास्त्रीय पुरावा साखरेइतका भक्कम नाही, हेही मान्य. परंतु धरणाऱ्याच्या तळव्याला बाळाचे कुंथणे, पाय झाडणे, मग ढिले पडणे थेट कळते आणि तोच म्हणतो, "सिस्टर, जरा थांबा." साखर देऊन कुपी बाजूला ठेवली की असे सांगणारे कोणी उरत नाही. हात आईचे किंवा बाबांचे असतील तर फारच बरे. भीत भीत खिडकीत हात घालणारे बाबाही चटकन शिकतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणून आमच्याकडे आधी हात, आणि शक्य असेल तिथे सोबत आईच्या काढलेल्या दुधाचे किंवा साखरेचे थेंब, असा क्रम रुळला आहे. रात्री एकाच सिस्टरकडे अनेक बाळे असतील, तर साखरेला पहिले स्थान देणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. डोळ्यांच्या आरओपी (कमी दिवसांच्या बाळांना होणारा दृष्टिपटलाचा आजार) तपासणीला मात्र यांपैकी काहीही एकट्याने पुरत नाही. तिथे डोळे बधिर करणारे थेंब हवेतच, आणि हात व साखर त्यांच्या जोडीला.